शर्टाच्या बटणाचा एक गुण

मानेचा मणका मोडून मज्जारज्जूला इजा झालेला माणूस स्वतःचं किती करू शकतो, हे मोजायचं कसं? बार्थेल निर्देशांक १९६५पासून आहे, पण तो नाना तऱ्हेच्या रुग्णांना लावला जातो. मज्जारज्जूच्या रुग्णातली बारीक सुधारणा त्यातून निसटते. म्हणून १९९७ साली इस्रायलमध्ये आमिराम कात्झ आणि सहकाऱ्यांनी खास या रुग्णांसाठी 'स्किम' ही मोजपट्टी मांडली.

एकूण गुण शंभर. श्वसन आणि लघवी-शौचाला ४०, हालचालीला ४० आणि स्वतःची निगा राखण्याला २०. जेवण, अंघोळ, कपडे, दात घासणं-केस विंचरणं एवढं सगळं या विसात. अंघोळ आणि कपड्यांचे गुण कमरेच्या वर नि खाली असे वेगळे. बटण, चेन, नाडी नसलेला सदरा कोणत्याही साधनाशिवाय घालता आला तर ३. चौथा गुण बटणवाला शर्टही जमला तरच.

या गुणांसाठी हात चालायला हवेत. मज्जारज्जू मानेच्या सहाव्या पातळीपर्यंत शाबूत असेल तर हात कोपरात वाकतो, मनगट वर उचलता येतं, बोटं मात्र हलत नाहीत. तरीही पकड मिळते! मनगट वर उचललं की बोटांच्या कंडरा ताणल्या जाऊन बोटं आपोआप मिटतात. त्यामुळे मनगट वर असताना ती बोटं ओढून सरळ करायची नसतात. कंडरा सैल झाल्या तर ही पकड जाते. मालिश करणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी सांगायला हवं.

अशा हाताने, तळहाताच्या पट्ट्यात चमचा अडकवून, आमटी-भात स्वतः खाल्ला, तर जेवणाचे तीनपैकी २ गुण. अन्न कापायला किंवा झाकण उघडायला मदत लागली तरी ते कमी होत नाहीत. आपल्या ताटात कापण्याच्या जागी भाकरी मोडणं येतं, आणि माझ्या मते तपासणाऱ्याने नेमकं तेच विचारावं.

या मोजपट्टीवर मोजायचं ते माणूस रोज प्रत्यक्ष काय करतो ते. काय करू शकला असता ते नव्हे. आपल्या घरांत गोम आहे ती इथेच. इस्पितळात स्वतः जेवणाऱ्याला घरी आई भरवते, कारण त्याला वेळ लागतो, सांडतं. गुण घसरतात, मज्जारज्जू मात्र होता तसाच असतो. तेव्हा पुढच्या तपासणीला जाल तेव्हा घरी कोण काय करून देतं, तेही थेरपिस्टला खरं सांगा.