मोठ्या डंपरला पुढचा अ‍ॅक्सल का नसतो?

ऑफ-रोड ट्रकच्या रील्सखाली एक कमेंट ठरलेली असते: "पाटे जबरदस्त!" पण खराब रस्त्यावर भरलेला ट्रक नेमका कुठे त्रास सोसतो, हे समजून घ्यायला आमच्या वर्धा नदीच्या कडेने खाली जायला हवं. जिल्हा ओलांडला की वणी, माजरी, घुग्घुस, सगळा वर्धा खोऱ्यातला कोळशाचा पट्टा. ब्रिटिशांनी वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वे टाकली तीही कोळशासाठीच. तिचं नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे होतं. आज या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणी आहेत. तिथे माल वाहणाऱ्या गाड्या ढोबळमानाने दोन जातींच्या: कंत्राटदारांचे टिपर, आणि ६० किंवा १०० टन माल घेणारे अवाढव्य डंपर.

आधी टिपर. त्याची पुढची दोन चाकं एका जाड पोलादी तुळईच्या दोन टोकांना असतात, बैलबंडीच्या आसासारखी. तुळईवर पाटे, पाट्यांवर चेसिस. आता हिशोब करू. समजा पुढच्या अ‍ॅक्सलवर ७ टन आहेत. म्हणजे प्रत्येक चाक ३.५ टनांनी वर ढकलतंय आणि तिथून अर्धा मीटर आत पाटा तेवढ्याच जोराने खाली दाबतोय. तुळईला वाकवणारा जोर झाला १.७५ टन-मीटर, आणि दोन पाट्यांच्या मधल्या पूर्ण भागात तो तेवढाच राहतो. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. हे झालं गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की हाच जोर क्षणभर दुप्पट होऊ शकतो, आणि ब्रेक मारला की तुळईला पीळही बसतो.

पोलाद एका दणक्याने क्वचितच तुटतं. लाखो वेळा थोडं थोडं वाकून आधी केसाएवढी चीर पडते, मग ती वाढत जाते. इथलं गणित फार निष्ठुर आहे: ताण २० टक्के वाढला तर आयुष्य २० टक्क्यांनी कमी होत नाही, निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून "दोन टन जास्त टाकले तर काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळत नाही.

आता डंपर. भरलेला १०० टनी डंपर साधारण १६० टनांचा धरा. त्यातला एक तृतीयांश भार पुढच्या दोन टायरवर, उरलेला मागच्या चारवर. प्रत्येक टायरवर २७ टनांच्या आसपास, म्हणजे सहाही टायर सारखे दमतात. ही वाटणी डिझायनर मुद्दाम करतात. पण ब्रेक लागला की ती बिघडते. वजनाचा मध्य जमिनीपासून अडीच मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साडेचार मीटर धरलं, तर बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारल्यावर आणखी १८ टन पुढे सरकतात. ५३ चे ७१ झाले!

एवढा भार पेलणारी तुळई केली तर ती भयंकर जड होईल. वर एक चाक उचललं गेलं की दुसरंही तिरपं होणार. म्हणून तुळईच काढून टाकली. बहुतेक मोठ्या डंपरमध्ये पुढचं प्रत्येक चाक आपापल्या स्ट्रटवर असतं. स्ट्रट म्हणजे तेल आणि नायट्रोजन भरलेलं जाडजूड सिलिंडर. कॅटरपिलर ७७७ मध्ये तर हा स्ट्रटच किंगपिनचं काम करतो, चाक त्याच्याभोवती वळतं.

नायट्रोजनची गंमत अशी की भार दुप्पट झाला की वायूची उंची निम्मी होते आणि स्प्रिंगचा ताठपणा जवळजवळ चौपट. रिकामी गाडी मऊ, भरलेली ताठ, तेही काहीच न बदलता. साध्या पाट्याला हे जमत नाही. साधी हवा मात्र चालत नाही, कारण दाबाखाली तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यापुढचा भाग जास्त आवडतो. चारही स्ट्रटमध्ये दाबाचे सेन्सर बसवले की सस्पेन्शनच वजनकाटा होतं. उभ्या गाडीत सील अडकून बसल्याने आकडा थोडा चुकतो, म्हणून काही सिस्टीम गाडी निघून दुसरा गिअर पडल्यावर पुन्हा वजन घेतात. डेटा साफ करण्याची याहून साधी युक्ती मी पाहिलेली नाही. कॅटरपिलरचा १०-१०-२० नियम याच आकड्यांवर चालतो: सरासरी भार ठरलेल्या मर्यादेत, १० टक्क्यांहून जास्त फेऱ्या मर्यादेच्या १० टक्के वर जाऊ नयेत, आणि २० टक्के वर एकही नको.

याच चार आकड्यांतून चेसिसचा पीळही निघतो. पुढचा डावा आणि मागचा उजवा यांची बेरीज, वजा उरलेल्या दोघांची बेरीज. काळ्या मातीतला रस्ता पावसात खचला की हा आकडा उड्या मारायला लागतो. कोणत्या जागी मारतो हे जीपीएससोबत पाहिलं, की ग्रेडर कुठे पाठवायचा ते कळतं.

स्ट्रटमधला नायट्रोजन गळतोय का, हे ओळखायला मात्र सेन्सर लागत नाही. सपाट जागेवर उभ्या केलेल्या डंपरच्या दोन्ही पुढच्या स्ट्रटचा चकचकीत दांडा किती बाहेर दिसतो ते बघायचं. एका बाजूचा कमी दिसला तर गॅस तपासायला सांगायचं. कारण पुरता बसलेला स्ट्रट धक्का गिळत नाही. तो सरळ चेसिसला आणि पुढच्या चाकावरच्या केबिनमधल्या ड्रायव्हरच्या कंबरेला देतो.