अल्पकालीन नगर-पर्यटनाचे नियोजन : बँकॉक शहराचा विशेष संदर्भ

सारांश

तीन रात्री व चार दिवसांची परदेशवारी ही आता महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यातील बाब झाली आहे. अशा सहलीत पैशापेक्षा वेळ हे अधिक दुर्मीळ साधन असते. प्रस्तुत लेखात थायलंडची राजधानी बँकॉक हे उदाहरण घेऊन ऋतू, वाहतूक, निवास, स्थळांची निवड, आहार आणि शिष्टाचार या घटकांच्या आधारे अल्पकालीन नगर-पर्यटनाचे नियोजन कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : नगर-पर्यटन, बँकॉक, वेळेचे अंदाजपत्रक, नागरी वाहतूक, सांस्कृतिक शिष्टाचार.

१. प्रस्तावना

पर्यटन म्हणजे केवळ स्थळदर्शन नव्हे, तर एका समाजाचा अल्पकाळात घेतलेला परिचय होय. तथापि सहल जितकी लहान, तितकी पाहावयाच्या स्थळांची यादी लांब, असा अनुभव सर्वत्र येतो. परिणामी पर्यटकाचा बराचसा काळ वाहनात जातो, आणि परतल्यावर छायाचित्रांखेरीज फारसे काही हाती उरत नाही. हे टाळावयाचे असेल तर नियोजनाची सुरुवात स्थळांच्या यादीपासून न करता उपलब्ध तासांपासून करावी लागते. बँकॉक हे या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. मुंबईहून थेट विमानाने हे शहर साधारणतः चार ते साडेचार तासांच्या अंतरावर आहे. तेथील घड्याळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा दीड तासाने पुढे असते.

२. शहराची जडणघडण

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही सयामची जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. त्यानंतर राजा ताकसिन याने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावरील थोनबुरी येथून राज्यकारभार केला. १७८२ मध्ये चक्री घराण्याचा पहिला राजा, पहिला राम, याने राजधानी पूर्व तीरावर आणली. हाच आजच्या बँकॉकचा आरंभ होय. थाई लोक शहरास 'क्रुंग थेप महानखोन' असे म्हणतात. यातील 'थेप' म्हणजे देव आणि 'महानखोन' म्हणजे महानगर. शहराचे संपूर्ण औपचारिक नाव पाली-संस्कृत शब्दांनी भरलेले असून ते जगातील सर्वाधिक लांबीच्या स्थलनामांत गणले जाते.

नदीकाठचे जुने रत्तनकोसिन क्षेत्र, त्याच्या आग्नेयेस यावराट ही चिनी वस्ती, आणि त्याहून पूर्वेस सिलोम, सयाम व सुखुमवित ही आधुनिक व्यापारी क्षेत्रे, अशी शहराची स्थूल विभागणी करता येते. शहराचे क्षेत्रफळ सुमारे १,५६९ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामुळे एकाच दिवसात दोन टोकांची स्थळे पाहण्याचा बेत बहुधा फसतो.

३. ऋतू आणि सणवार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुलनेने कोरडा व सौम्य काळ पर्यटनास सर्वांत अनुकूल असतो. मार्च ते मे या काळात पारा अनेकदा ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि दमट हवेमुळे उष्मा अधिक जाणवतो. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा असून सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये तो विशेष जोरदार असतो.

१३ ते १५ एप्रिल या दिवसांत 'सोंगक्रान' हे थाई नववर्ष साजरे होते. हा शब्द संस्कृत 'संक्रान्ति'वरून आला आहे. या काळात रस्तोरस्ती पाणी उडविले जाते व अनेक दुकाने बंद राहतात. ज्यांना हा उत्सवच अनुभवावयाचा आहे त्यांच्यासाठी ही पर्वणी ठरते. ज्यांना वस्तुसंग्रहालये व मंदिरे शांतपणे पाहावयाची आहेत त्यांनी मात्र हे दिवस टाळणे श्रेयस्कर.

४. वेळेचे अंदाजपत्रक

उदाहरणादाखल शुक्रवारी सकाळी ६ वाजता बँकॉक येथे आगमन आणि सोमवारी सायंकाळी ६ वाजता प्रस्थान असा कार्यक्रम गृहीत धरू. कागदावर हे ८४ तास होतात. त्यातून तीन रात्रींच्या झोपेचे २४ तास, भोजन व नित्यकर्मांचे १६ तास आणि विमानतळावरील सोपस्कार व तेथील ये-जा यांचे ७ तास वजा केले असता ३७ तास उरतात. शहरांतर्गत प्रवासास प्रतिदिन दोन याप्रमाणे ८ तास, आणि तीन दुपारी उन्हात न हिंडता घेतलेल्या विश्रांतीचे ६ तास वगळले, तर प्रत्यक्ष स्थळदर्शनासाठी केवळ २३ तास हाती राहतात.

प्रत्येक स्थळास सरासरी अडीच तास दिल्यास ही संख्या नऊच्या आसपास थांबते. पंधरा-वीस स्थळांची यादी घेऊन जाणारा पर्यटक वास्तविक झोप, जेवण किंवा विश्रांती यांपैकी कशाला तरी कात्री लावत असतो. वृद्ध किंवा लहान मुले सोबत असल्यास त्याची किंमत प्रकृतीने चुकवावी लागते.

याच हिशेबाने बाहेरगावच्या स्थळांचाही विचार करावा. पट्टाया हे समुद्रकिनाऱ्यावरील शहर बँकॉकपासून सुमारे १५० किलोमीटरवर आहे. तेथे एका दिवसात जाऊन येण्यास किमान चार-पाच तास रस्त्यावर जातात, म्हणजे उपलब्ध २३ तासांचा जवळजवळ पाचवा हिस्सा. सुमारे ८० किलोमीटरवरील अयुथ्येचे अवशेष १९९१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. इतिहासाची विशेष आवड असलेल्यांनी तेथे अवश्य जावे, मात्र त्याच्या मोबदल्यात शहरातील दोन-तीन स्थळे सोडण्याची तयारी ठेवावी.

५. वाहतूक आणि निवासस्थानाची निवड

बँकॉकची वाहनकोंडी प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये उन्नत रेल्वे, २००४ मध्ये भुयारी रेल्वे आणि २०१० मध्ये विमानतळ रेल्वे सुरू झाल्याने पर्यटकाचे परावलंबित्व बरेच कमी झाले. २०१९ मध्ये भुयारी मार्गाचा विस्तार होऊन सनाम चाय, साम योट व वाट मांगकोन ही स्थानके सुरू झाली आणि जुने शहर प्रथमच थेट भुयारी रेल्वेने जोडले गेले.

२००६ मध्ये सुरू झालेला सुवर्णभूमी विमानतळ शहराच्या पूर्वेस आहे. तेथून विमानतळ रेल्वेने फाया थाय स्थानक सुमारे अर्ध्या तासात गाठता येते, तर मक्कासान येथे उतरून भुयारी रेल्वे पकडता येते. डॉन मुआंग हा दुसरा विमानतळ शहराच्या उत्तरेस असल्याने तिकिटावर कोणत्या विमानतळाचे नाव आहे, हे आरक्षणाच्या वेळीच तपासावे.

रेल्वेइतकाच जलमार्गही उपयुक्त आहे. साफान ताकसिन या उन्नत रेल्वे स्थानकाखालीच साथोर्न धक्का असून तेथून प्रवासी नौका राजवाड्याच्या दिशेने जातात. कोंडीपासून सुटका आणि नदीकाठच्या जीवनाचे दर्शन असा दुहेरी लाभ त्यात होतो.

निवासस्थान निवडताना खोलीच्या भाड्याइतकेच स्थानकापासूनच्या अंतराला महत्त्व द्यावे. सिलोम परिसरात उन्नत व भुयारी या दोन्ही रेल्वे एकमेकींना मिळतात. सुखुमवित मार्गावरील असोक येथेही तशीच सोय आहे. दूरच्या स्वस्त हॉटेलात वाचलेले पैसे बहुधा टॅक्सीच्या भाड्यात आणि वाया गेलेल्या तासांत खर्ची पडतात.

६. क्षेत्रनिहाय दिनक्रम

एक दिवस, एक क्षेत्र हे सूत्र येथे उपयोगी पडते. हॉटेलातील खोली बहुधा दुपारी दोनपर्यंत मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी सामान तेथे ठेवून सयाम परिसरातील हलका कार्यक्रम ठेवावा. थाई रेशीम उद्योगाला नवसंजीवनी देणारे आणि १९६७ मध्ये मलेशियात गूढरीत्या बेपत्ता झालेले अमेरिकी उद्योजक जिम थॉम्प्सन यांचे पारंपरिक काष्ठगृह तेथे पाहता येते. सायंकाळी १९५६ मध्ये स्थापन झालेले एरावन येथील ब्रह्मदेवाचे देवस्थान आणि लुंबिनीचे नाव धारण करणारे लुम्फिनी उद्यान पाहावे.

दुसरा दिवस रत्तनकोसिनसाठी राखावा. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच तेथे पोहोचावे. राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरात हिरव्या पाषाणातील बुद्धमूर्ती असून तिची वस्त्रे वर्षातून तीनदा, ऋतूनुसार बदलली जातात. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत 'रामकिएन' या थाई रामकथेची १७८ भित्तिचित्रे आहेत. रामायणाशी परिचित असलेल्या मराठी प्रेक्षकास येथे ओळखीची कथा अनोळखी वेशात भेटते. हनुमान तेथे ब्रह्मचारी नसून प्रणयी वीर आहे, हा फरक लक्षणीय ठरतो. जवळच्या वाट फो येथील शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. दुपारच्या विश्रांतीनंतर ता तिएन धक्क्यावरून नदी ओलांडून वाट अरुण पाहावे. या मंदिराच्या नावातील 'अरुण' म्हणजे मराठीतील अरुणच होय.

चाटुचाक हा विस्तीर्ण बाजार प्रामुख्याने शनिवार-रविवारी भरतो. त्यामुळे तिसरा दिवस, म्हणजे रविवारची सकाळ, त्यासाठी योग्य ठरते. दुपारनंतर यावराट भागातील वाट त्रायमित येथील सुमारे साडेपाच टन वजनाची सुवर्णमूर्ती पाहता येते. मूर्ती हलविताना वरचा गिलावा फुटून आतील सोने १९५५ मध्ये प्रकाशात आले, असे तिच्याविषयी सांगितले जाते.

सोमवारी सकाळी साम योट स्थानकावरून वाट सुथात, त्यासमोरील भव्य झोपाळ्याची कमान व ब्राह्मण देवस्थान, तसेच फाहुराट ही भारतीय कापडपेठ पायी पाहून प्रस्थान करता येते. राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय सोमवारी व मंगळवारी बंद असते. ते पाहावयाचे असल्यास शनिवारच्या कार्यक्रमात एखाद्या मंदिराऐवजी घ्यावे. आठवड्याच्या कोणत्या वारी काय बंद असते हे न पाहता आखलेला कार्यक्रम दारावरून परतण्याची वेळ आणतो.

७. आहार

शाकाहारी पर्यटकांची येथे खरी अडचण मांसाची नसून माशापासून बनविलेल्या 'नाम प्ला' या रसाची असते. तो भाज्यांतही सर्रास घातला जातो. 'मांगसविरत' हा थाई शब्द मूळच्या 'मांसविरति'चेच रूप असून त्याचा अर्थ शाकाहार असा आहे. मात्र त्यात अंडे चालते. 'जे' या शब्दाने ओळखला जाणारा आहार अधिक कडक असून त्यात मांस, मासे, अंडी, दूध तसेच कांदा-लसूणही वर्ज्य असतो. पिवळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरांच्या पताकेवरून अशी उपाहारगृहे ओळखता येतात. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांनाही ही माहिती उपयोगी आहे. कंदमुळांविषयी मात्र स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील वर्ष कित्येकदा बुद्ध शकाचे असते. ते इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असल्याने २०२५ हे साल तेथे २५६८ होते.

८. शिष्टाचार, कायदे आणि सावधगिरी

राजवाड्यात व मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख आवश्यक असतो. मूर्तीकडे पाय करून बसणे व कोणाच्या डोक्यास हात लावणे अनुचित मानतात, तर स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करावयाचा नसतो. सकाळी ८ व सायंकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते, तेव्हा उभे राहावे. राजघराण्याची अवमानना हा तेथे तीन ते पंधरा वर्षांच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. ई-सिगारेट आणण्यास बंदी आहे.

थायलंडने २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसाविना ६० दिवस राहण्याची मुभा दिली होती. असे नियम वारंवार बदलतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाचे निवेदन पाहावे. १ मे २०२५ पासून आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरणे बंधनकारक झाले. शासकीय संकेतस्थळावर ते विनाशुल्क भरता येते. शुल्क मागणारी तत्सम संकेतस्थळे शासनाची नव्हेत.

"आज राजवाडा बंद आहे" असे सांगून स्वस्त टुकटुकमधून रत्नांच्या दुकानात नेणे हा तेथील जुना फसवणुकीचा प्रकार आहे. प्रवेशद्वारापर्यंत स्वतः जाऊन खात्री करणे हाच त्यावरील उपाय. टॅक्सीत बसताना मीटर सुरू करण्याचा आग्रह धरावा.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अल्पकालीन सहलीत उपलब्ध तासांचा हिशेब आधी आणि स्थळांची निवड नंतर करावी. दुसरा, निवासस्थान रेल्वे स्थानकानजीक घेणे हे खर्चिक वाटले तरी अंती किफायतशीर असते. तिसरा, प्रत्येक दिवस एका क्षेत्रास वाहिल्यास प्रवास घटतो आणि समज वाढते. चौथा, तेथील भाषा, आहार व शिष्टाचार यांची अल्प पूर्वतयारी पर्यटकास फसवणूक व अवमान या दोहोंपासून वाचविते. नऊ स्थळे निवांत पाहून परतणारा प्रवासी वीस स्थळे ओझरती पाहणाऱ्यापेक्षा त्या शहराविषयी अधिक काही सांगू शकतो. अल्पकालीन नगर-पर्यटनाचे यश याच कसोटीवर जोखले पाहिजे.