प्रोटीनचा डबा ओरिजिनल आहे का? फोनवर कसं तपासायचं ते बघू

माझा मावसभाऊ सणसवाडीत एका कंपनीत लाइनवर आहे. तिन्ही शिफ्ट फिरत्या, चौघांत मिळून एक रूम, मेसचा डबा. दिवाळीनंतर त्याने जिम लावली आणि मागच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, हे ओरिजिनल आहे का बघ ना."

फोटोत दोन किलोचा काळा डबा, सोनेरी अक्षरं, एक चकाकणारं होलोग्राम स्टिकर आणि क्यूआर कोड. जिममधल्या ओळखीच्या पोराने "आतल्या रेटने" 4,200 रुपयांना दिलेला. पठ्ठ्याचा पगार हातात 17,000 येतो. म्हणजे पगाराचा जवळपास चौथा हिस्सा त्या डब्यात गेला होता, आणि ओरिजिनल आहे का हा प्रश्न त्याला पैसे दिल्यावर पडला होता!

मी डाएटिशियन नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण समोर आलेल्या माहितीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे साधा नियम असतो: ज्याने माहिती दिली, त्यालाच "ही खरी का?" असं विचारून उपयोग नाही. तपासणी वेगळ्या रस्त्याने करायची. डब्याला हाच नियम लावला की बराच गोंधळ सुटतो.

आधी क्यूआर कोडचं बघू

भावाने कोड स्कॅन केला होता. हिरवी टिक आली, "ऑथेंटिक प्रॉडक्ट" असं आलं, आणि तो खूश. पण हा कोड कुठे नेतो, ते कोड छापणाराच ठरवतो. खोटा डबा बनवणारा पाचशे-हजार रुपयांत कंपनीच्या नावासारखंच डोमेन घेऊन एक पान टाकू शकतो, आणि त्या पानावर कायम हिरवी टिकच येणार. मी त्याला म्हटलं, कोडमधला एक आकडा बदलून टाक बघू. टाकला. तरीही ऑथेंटिक! मग त्याने नुसतं 1234 टाकलं. तेही ऑथेंटिक.

म्हणून कोड स्कॅन करू नका. ब्रँडची वेबसाइट स्वतः शोधून उघडा आणि तिथल्या तपासणीच्या पानावर कोड हाताने टाका. चांगली पद्धत असेल तर हा कोड पहिल्यांदाच तपासला जातोय की आधी कितीदा तपासला गेलाय, हेही दिसतं. त्यासाठीच कोडवर खरवडायचा थर असतो. थर आधीच खरवडलेला असेल तर डबा परत द्या. आणि खरा कोड मिळाला तरी त्याने फक्त लेबल खरं ठरतं. रिकामे डबे विकत घेऊन पुन्हा भरणारे लोक आहेत. त्यामुळे जिममधले रिकामे डबे भंगारात देण्याआधी लेबल फाडून टाकत जा.

चौदा आकडी नंबर

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पॅकबंद खाद्यपदार्थावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर लागतो. सप्लिमेंट कायद्याने औषध नाही, खाद्यपदार्थच आहे. हा नंबर वाचता येतो. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर अगदी छोट्या धंद्याची साधी नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचा 15, आणि 00 असेल तर केंद्राचा परवाना. त्यानंतरचे दोन म्हणजे वर्ष. म्हणजे 11521 ने सुरू होणारा नंबर 2021 मधला महाराष्ट्राचा परवाना. देशभर विकल्या जाणाऱ्या मोठ्या ब्रँडच्या डब्यावर 2 ने सुरू होणारा एकच नंबर दिसला, तर काहीतरी गडबड आहे असं समजा.

आता एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' पोर्टलवर जा. लॉगिन लागत नाही. तिथे एफबीओ सर्च नावाचा पर्याय आहे, त्यात नंबर टाका. परवाना कोणाच्या नावावर आहे, पत्ता काय, चालू आहे का, आणि कोणत्या पदार्थांसाठी आहे, हे दिसतं. नंबर खरा असूनही दुसऱ्याचाच असू शकतो, म्हणून शेवटची गोष्ट नक्की बघा.

लेबलवर "मार्केटेड बाय" आणि "मॅन्युफॅक्चर्ड बाय" अशी दोन नावं असू शकतात. बरेच ब्रँड स्वतः काहीच बनवत नाहीत, दुसऱ्याच्या कारखान्यातून भरून घेतात. हे बेकायदेशीर नाही. सणसवाडी-रांजणगावच्या पोरांना जॉबवर्क म्हणजे काय ते मी सांगायला नको. पण तपासायचा तो बनवणाऱ्याचा नंबर. बाहेरून आलेला माल असेल तर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना नंबर डब्यावर हवाच. "डायरेक्ट अमेरिकेहून, म्हणून स्टिकर नाही" असं कोणी म्हणालं, तर एक तर तो माल चोरट्या मार्गाने आलाय किंवा वाघोलीपलीकडे कधी गेलेलाच नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. परवाना म्हणजे धंदा करायची परवानगी. या डब्यात लिहिलंय तेवढं प्रोटीन आहे, असं सरकारने सांगितलंय असा त्याचा अर्थ होत नाही.

खऱ्या डब्यातही गडबड असते

डबा अस्सल निघाला, म्हणजे आतला माल चांगला, असं आपण धरून चालतो. 2024 च्या एप्रिलमध्ये 'मेडिसिन' या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. कोचीचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियॅक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकली जाणारी 36 प्रोटीन सप्लिमेंट तपासली. जवळपास 70 टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा होता, काहींमध्ये तर सांगितल्याच्या निम्मंच निघालं. सुमारे 14 टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, सापडलं आणि 8 टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश. हे बाजारात उघड मिळणारे ब्रँड होते.

कमी प्रोटीन घालून जास्त दाखवता येतं कसं? मला यातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटतो, कारण हा सरळ सरळ सिस्टिममधला बग आहे. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाची, 1883 सालची. तिच्यात प्रोटीन मोजलंच जात नाही. मोजला जातो नायट्रोजन, आणि त्याला 6.25 ने गुणतात (दुधाच्या पदार्थांना 6.38), कारण प्रोटीनमध्ये साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे पावडरीत नायट्रोजन असलेलं दुसरं काहीही स्वस्त मिसळलं, की आकडा वर जातो. ग्लायसीन, टॉरीन, क्रिएटिन ही नेहमीची नावं. याला अमिनो स्पायकिंग म्हणतात. 2008 मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन घातलं होतं, ते याच पळवाटेसाठी. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली.

त्यामुळे घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन वर-वर दिसलं आणि ते का घातलं हे कुठेच सांगितलेलं नसेल, तर सावध व्हा. अमिनो ॲसिडचा पूर्ण तक्ता देणारा ब्रँड त्यातल्या त्यात बरा.

दुसरं, साधा भागाकार करा. 33 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 24 ग्रॅम प्रोटीन म्हणजे 73 टक्के. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण 80 टक्क्यांपर्यंत प्रोटीन असतं, चवीसाठी कोको वगैरे घातलं की थोडं कमी होतं. हिशोब बसतो. पण चॉकलेट फ्लेवरच्या कॉन्सन्ट्रेटच्या 30 ग्रॅम स्कूपमध्ये 28 ग्रॅम प्रोटीन लिहिलं असेल, तर ते 93 टक्के झालं. मग कोको कुठे राहिला?

यूट्यूबवरच्या घरगुती टेस्टबद्दल थोडंच सांगतो. आयोडीन टाकून निळंकाळं झालं तर स्टार्च आहे, एवढं कळतं. झालं नाही तर माल शुद्ध, असं कळत नाही. ग्लायसीनला आयोडीन काहीही करत नाही.

लॅब रिपोर्ट वाचायचा कसा

आजकाल बरेच ब्रँड वेबसाइटवर लॅब रिपोर्टची पीडीएफ टाकतात. चांगली गोष्ट आहे, पण पीडीएफ मीही दहा मिनिटांत बनवू शकतो. रिपोर्टवर एनएबीएलची खूण आणि टीसीने सुरू होणारा यूएलआर नंबर आहे का बघा. टीसीच्या पुढचे आकडे त्या लॅबच्या मान्यतेचे असतात. एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचं नाव शोधून ते जुळतात का, आणि प्रोटीनची तपासणी तिच्या मान्यतेत बसते का, ते बघा. मग रिपोर्टवरचा बॅच नंबर आणि तुमच्या डब्याच्या तळाचा नंबर ताडून बघा. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा रिपोर्ट आजच्या डब्याबद्दल काहीच सांगत नाही.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात बहुतेक वेळा एक ओळ असते, हा निकाल फक्त आमच्याकडे दिलेल्या नमुन्यापुरता आहे अशा अर्थाची. नमुना कोणी दिला? कंपनीने. तो दुकानातून उचलला की खास बनवून दिला, हे लॅबला माहीत नसतं. म्हणून तिसऱ्याच संस्थेने तपासलेला माल जास्त भरवशाचा. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' प्रत्येक बॅच तपासते आणि बॅच नंबर तिच्या साइटवर शोधता येतो. पण ती तपासणी खेळाडूंना बंदी असलेल्या द्रव्यांची आहे, प्रोटीन किती याची नाही. 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' लेबलवरचे दावेही तपासते. जीएमपी, आयएसओ वगैरे शिक्के कारखान्यातल्या कामाच्या पद्धतीचे असतात, त्या डब्याचे नाहीत.

ऑनलाइन घेताना रेटिंगआधी विक्रेत्याचं नाव बघा. एकाच पानावर पाच विक्रेते तोच ब्रँड विकत असतात आणि सगळ्यांचे रिव्ह्यू एकत्र दिसतात. स्वस्त पडतो म्हणून तुम्ही निवडलेला विक्रेता भलताच निघू शकतो. आणि एखाद्या इन्फ्लुएन्सरच्या व्हिडिओखाली सवलतीचा कोड असेल, तर ती जाहिरात समजूनच बघा.

भावाच्या डब्याचं काय झालं ते सांगतो. फॉसकॉसवर नंबर टाकला. परवाना चालू होता, खरा होता, आणि भलत्याच जिल्ह्यातल्या एका फरसाणवाल्याचा होता! त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. ज्याने डबा दिला होता तो पोरगा म्हणाला, "मलापण वरूनच आला." पैसे काही परत मिळाले नाहीत.

आम्ही डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, बॅच नंबरसकट, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या टोल फ्री नंबरवर तक्रार दिली. एफएसएसएआयचा नंबर 1800-112-100 आहे, आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरून फोटोसह तक्रार करता येते. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 पण आहे. आमच्याकडे बिल नव्हतं, "आतल्या रेट"मध्ये ते येत नाही.

मग एका रविवारी त्याच्या रूमवर बसून हिशोब केला. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेनुसार निरोगी माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं. भाऊ 60 किलोचा, म्हणजे 50 ग्रॅम. व्यायामामुळे थोडं जास्त धरलं. मेसच्या डाळ-चपातीतून बरंचसं येतंच. वर दोन अंडी 12 ग्रॅम, मूठभर शेंगदाणे 7-8 ग्रॅम, 50 ग्रॅम सोयाबीन वडी 25 ग्रॅम. याच संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असंही सांगितलंय. भावाला ते पटलेलं नाही. "पण दादा, जिममध्ये सगळेच घेतात," म्हणाला. पुढचा डबा घ्यायच्या आधी फोटो पाठवतो, एवढं मात्र त्याने कबूल केलं. काळा डबा तक्रारीसाठी झाकण बंद करून तसाच कपाटावर ठेवलाय.