गेरू काळा पडतो तेव्हा

अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे कॅमेऱ्यात नीट उतरायला लेण्यात पहिला कॅमेरा आल्यानंतरही निम्म्या शतकाहून अधिक काळ जावा लागला. कारण लेणी कोरलेल्या वाघुर नदीकाठच्या कड्यापेक्षा कॅमेऱ्यातल्या काचेच्या पट्टीत जास्त दडलेले होते.

जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी 1819 मध्ये पडली. पुढे 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या तैलरंगातल्या नकला करायला पाठवले. गिल अजिंठा गावातच राहिला आणि नंतर त्याने कॅमेराही हाती घेतला. 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्याचे 74 फोटो छापले गेले. त्यांत दर्शनी भाग, खांब आणि शिल्पे आहेत. चित्रांसाठी मात्र त्याला ब्रशच धरावा लागला.

त्या काळी कोलोडियनने माखलेली काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याआधी धुऊनही काढायची. वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. शिवाय ही काच निळ्या आणि जांभळ्या उजेडालाच दाद देई. पिवळा तिला अंधुक दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याचा चित्रकार तर गेरू आणि पिवळ्या मातीवर जगणारा! जोडीला काजळी, चुन्याचा पांढरा, हिरवी माती आणि कुठेकुठे लाजवर्दी निळा. म्हणजे जे अंग गेरूने उजळलेले, तेच फोटोत काळेठिक्कर. त्यात पहिल्या लेण्याच्या मंडपाची बाजू सुमारे 64 फूट, भोवती 20 खांब, आणि उजेड येणार तो पुढूनच.

गिलच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. 30 डिसेंबर 1866 रोजी तिथे आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. 1885 मध्ये त्या ठेवलेल्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात पुन्हा आग. त्यांतलीही शंभराहून अधिक चित्रे गेली. नकला करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढवले गेले होते. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले आणि नंतरच्या प्रत्येक छायाचित्रकाराची डोकेदुखी होऊन बसले. चित्र वाचवायला आलेल्यांनीच ते झाकोळले, हे लिहिताना वाईट वाटते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या आणि चित्र पालटले. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी 1930 ते 1955 या काळात ‘अजंता’चे चार खंड काढले. त्यांतली चित्रे छायाचित्रांवरून छापलेली आहेत, असे त्या ग्रंथाच्या नावातच नोंदवलेले आहे. माणसाच्या हातची नक्कल नव्हे, हा त्या काळी मोठा दावा होता, आणि रास्तही.

1990 च्या दशकात छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी उलटा विचार केला. झगझगीत दिवे लावण्याऐवजी त्यांनी मंद उजेडातच शटर बराच वेळ उघडे ठेवले. प्रखर दिव्याचा उजेड भिंतीवरच्या चकाकत्या थरावरून परावर्तित होतो आणि खालचा रंग धुऊन निघाल्यासारखा दिसतो. मंद उजेडात मात्र पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खांद्यावरची छटा आणि झुकलेल्या पापणीची कड जागेवर राहते. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी पुढचे पाऊल टाकले: फोटो काढायचे आणि झडलेला भाग संगणकावर अभ्यासाने भरायचा. काम अचाट आहे. फक्त मूळ फोटो आणि भरलेला फोटो शेजारी शेजारी ठेवूनच पाहावेत, असे मला वाटते.

ही चित्रे प्रत्यक्ष पाहायला पिंपरी-चिंचवडच्या थेरगावातून निघणाऱ्याने चाकण-शिक्रापूरमार्गे नगर रस्ता धरावा. अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक. फर्दापूरला गाडी सोडून बसने वर जावे लागते. फ्लॅशला बंदी आहे आणि ट्रायपॉडला परवानगी लागते. मोबाइलच्या वाइड लेन्सने भिंत वाकडी येते, म्हणून थोडे मागे सरकून साधी लेन्स वापरावी, फोन भिंतीला समांतर धरावा आणि मोठ्या चित्राचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे घेऊन नंतर जोडावेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांनाही हेच लागू. तो ‘स्वदेस’ सिनेमात दिसलेला घाट त्याच वाड्याच्या मागे, कृष्णेवर आहे. बहुतेक लोक घाटाचे फोटो काढतात आणि चित्रे न पाहताच परततात.