ढापणे, चाळिशी आणि चष्मा

वर्गातल्या एखाद्या मुलाला चष्मा लागला की त्याचे लगेच 'ढापण्या' असे नामकरण होते. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांशेजारी लावतात ती कातडी झापडे म्हणजे ढापणे.

गंमत म्हणजे इंग्रजांनाही चष्म्यासाठी घोड्याचेच सामान आठवले. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ साली रांगड्या बोलीतील शब्दांचा कोश छापला. त्यात डोळ्यांना 'पीपर्स', म्हणजे डोकावणारे, आणि चष्म्याला 'बार्नॅकल्स' असे शब्द आहेत. नाल ठोकताना द्वाड घोड्याच्या नाकाला लावायचा चिमटा म्हणजेही बार्नॅकल्स! कानावर अडकणाऱ्या काड्या अठराव्या शतकात आल्या. त्यापूर्वीचे चष्मे नाकावरच चिमटून बसवत. पुढे एकोणिसाव्या शतकात चष्म्याला 'गिगलॅम्प्स', म्हणजे घोडागाडीचे दोन बाजूंचे दिवे, असेही म्हणू लागले.

यांपैकी 'ढापणे' हा शब्द मात्र विज्ञानाच्या दृष्टीने अगदी उलटा आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. ढापणे ते दिसणे कमी करतात. चष्मा काय करतो? ज्या मुलाला फळा अंधूक दिसतो, त्याच्या डोळ्यात प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंग ती नेमकी पटलावर आणते. ढापणे झाकतात, चष्मा उघडतो.

'चाळिशी' हा शब्द मात्र नेमका आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते. दहा वर्षांच्या मुलाला सुमारे ७-८ सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसते. चाळिशीच्या सुमारास हे अंतर २०-२५ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि पुढे वाढतच राहते. मग वर्तमानपत्र लांब धरावे लागते आणि बहिर्गोल भिंगाची गरज पडते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. निरनिराळे चष्मे छापील मजकुरावर थोडे उंच धरा. अक्षरे लहान दिसली तर भिंग अंतर्गोल, मोठी दिसली तर बहिर्गोल. मुलांकडून डोळ्यांचे आणि चष्म्याचे बोलीतले शब्दही गोळा करून घ्या. कोणता शब्द डोळ्याचे काम सांगतो आणि कोणता नुसता चिडवतो, हे त्यांनाच ठरवू द्या. चिडवण्याच्या भीतीने चष्मा दप्तरात राहिला, तर त्या मुलाला फळा दिसत नाही; आणि आपण मात्र त्याला अभ्यासात कच्चा समजून बसतो.