आराखड्यापासून राहत्या घरापर्यंत

वास्तुकलेच्या शिक्षणाचा गाभा म्हणजे 'स्टुडिओ'. विद्यार्थी आराखडा मांडतो, प्राध्यापक त्यातील उणिवा दाखवतात आणि आराखडा पुन्हा काढला जातो. मात्र तो बहुधा कागदावरच राहतो. छत गळेल का, खर्च आवाक्यात बसेल का, याची प्रचिती विद्यार्थ्याला येत नाही.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाने यावर वेगळा मार्ग शोधला. सॅम्युअल मॉकबी व डी. के. रूथ या प्राध्यापकांनी १९९३ मध्ये 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. हेल या गरीब ग्रामीण परगण्यात राहून विद्यार्थी घरांचे आराखडे करतात आणि ती स्वतः बांधतातही. १९९४ मध्ये एका वृद्ध दाम्पत्यासाठी उभारलेल्या घराच्या भिंतींत वाळलेल्या गवताचे गठ्ठे रचून त्यांवर गिलावा करण्यात आला. साहित्य स्वस्त आणि उष्णतारोधकही.

मॉकबी यांचे २००१ मध्ये निधन झाले. उपक्रम मात्र सुरूच राहिला. २० हजार डॉलरमध्ये बांधता येईल अशा घराचा अभ्यास २००५ मध्ये हाती घेण्यात आला.

वर्गात चुकलेल्या रेषेची किंमत गुणांत मोजली जाते. येथे ती घरात राहणाऱ्या कुटुंबाला मोजावी लागते. ही जबाबदारीच या शिक्षणातील सर्वांत मोठा धडा ठरते.