शुद्धता ९९ टक्के, पण कोणत्या कसोटीवर?

संशोधनासाठी विकत घेतलेल्या रसायनाच्या बाटलीवर ‘शुद्धता ९९ टक्के’ असे छापलेले असते आणि प्रयोगशाळेत तो आकडा बहुधा जसाच्या तसा स्वीकारला जातो. चाचणीची पद्धत कळल्याशिवाय हा आकडा अर्धवटच राहतो, असे माझे ठाम मत आहे. सेंद्रिय संयुगांच्या बाबतीत तो बहुतेकदा एचपीएलसी तंत्राने काढलेला असतो. नमुना विरघळवून बारीक कणांनी भरलेल्या नळीतून दाबाखाली सोडतात. त्यातले घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि टोकाला बसवलेला शोधक सहसा प्रत्येकाने किती अतिनील प्रकाश शोषला ते मोजतो. आलेखावर शिखरे उमटतात. मुख्य शिखराचे क्षेत्रफळ सगळ्या शिखरांच्या बेरजेच्या ९९ टक्के भरले की लेबलावर ९९ येते. जे घटक हा प्रकाश शोषतच नाहीत, ते हिशेबात येत नाहीत. पाणी, बहुतेक असेंद्रिय क्षार, धातूंचे अंश, कित्येक द्रावके या शोधकाला दिसतच नाहीत. कृत्रिम पेप्टाइडच्या बाबतीत ही तफावत फार मोठी होते. एचपीएलसीवर ९८ टक्के ठरलेल्या भुकटीत पाणी आणि निर्मितीत चिकटून राहिलेले ट्रायफ्लुओरोॲसिटेट वजा जाता प्रत्यक्ष पेप्टाइड वजनाने ७० ते ८० टक्केच असू शकते. ती तोलून द्रावण करणाऱ्याची मात्रा पहिल्याच पायरीवर चुकते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पदार्थ शुद्ध आहे म्हणजे तो हवा तोच आहे, असे होत नाही. रक्ताच्या एका कर्करोगावरील बोसुटिनिब या औषधाने ते दाखवून दिले. काही विक्रेते संशोधकांना बोसुटिनिब म्हणून त्याचा समघटक विकत होते, हे २०१२ मध्ये उघड झाले. दोन्हींचे अणू तेच, वस्तुमान तेच. फक्त एका वलयावर क्लोरीन आणि मिथॉक्सी गटाच्या जागा बदललेल्या. वस्तुमान मोजून हा फरक कळत नाही आणि चुकीचा रेणूही आपल्या जागी अगदी शुद्ध असू शकतो. अणूंची मांडणी उलगडणारी एनएमआरसारखी चाचणीच इथे उपयोगी पडते.

उरलेला एक टक्का नगण्यच असतो, असा आक्षेप यावर घेतला जातो. पुष्कळ कामांत तो खराही आहे; साध्या धुलाईच्या द्रावणासाठी कोणी धातूंचे अंश शोधत बसणार नाही. पण उत्प्रेरणाच्या अभ्यासात हा भरवसा महागात पडतो. रसायनशास्त्रज्ञ निकोलस लीडबीटर यांच्या गटाने २००३ मध्ये, एरवी पॅलेडियम हा उत्प्रेरक लागणारी सुझुकी प्रकारची अभिक्रिया त्याच्याशिवाय घडत असल्याचे प्रसिद्ध केले होते. २००५ मध्ये त्याच गटाने फेरतपासणी करून कारण जाहीर केले: अभिक्रियेत वापरलेल्या, बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात सुमारे ५० भाग इतके पॅलेडियम होते. टक्क्यांत मांडले तर ०.०००००५. ही फेरतपासणी स्वतःच छापण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा मला मूळ शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो हलका नाही. एनएमआरचे यंत्र किंवा धातू मोजणारे आयसीपी-एमएस प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही. पण प्रत्येक बाटलीवर प्रत्येक चाचणी करायची गरजही नसते. निष्कर्ष ज्या गोष्टीने उलटू शकतो, तिचीच तपासणी हवी. पेशींवरील प्रयोगात जीवाणूंचे एंडोटॉक्सिन पाहावे, उत्प्रेरणात धातू, ओलावा शोषणाऱ्या पदार्थात कार्ल फिशर पद्धतीने पाणी. विक्रेत्याकडे नुसता आकडा न मागता मूळ आलेख मागावा. मुख्य प्रयोग दुसऱ्या विक्रेत्याच्या बाटलीवर पुन्हा करून पाहायला तर कोणतेही नवे यंत्र लागत नाही. शोधनिबंधात विक्रेता आणि बॅच क्रमांक लिहायलाही एक ओळ पुरते. बोसुटिनिबसारखा घोटाळा उघड झाल्यावर ज्या प्रयोगशाळेकडे ती नोंद नसेल आणि बाटलीही संपली असेल, तिला आपली जुनी निरीक्षणे कोणत्या रेणूची होती हे ठरवायला मार्गच उरत नाही.